आपल्या आवडत्या पात्रासह या!

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. कार्यक्रमाचं आयोजन करण्यात माझा हात धरणारं अख्ख्या इंदूरमध्ये कोणी नाही!

हसू नका. पलासियाला एका कोचिंग क्लासचं फ्रंट ऑफिस मी एकटी सांभाळते. सहाशे मुलं आणि बाराशे पालक! त्यातले अकराशे नव्व्याण्णव रोज काउंटरवर येऊन म्हणतात, "मॅडम, हमारे बच्चे पे ज़रा अलग से ध्यान दीजिए." उरलेले एक गृहस्थ काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांना शेजारच्या दातांच्या दवाखान्यात जायचं असतं आणि ते चुकून आमच्याकडे बसलेले असतात. शिवाय माझे आजोबा महूला फौजेत होते. आमच्या घरी सहलीला जायचं तरी आधी नकाशा काढायचे!

म्हणून आमची प्राची जेव्हा म्हणाली, "मम्मी, क्लबच्या प्रोग्रॅमचं सगळं आम्हीच करतो ना," तेव्हा मी तिला जागच्या जागी थांबवलं.

"तू फक्त ड्रेस शिव. बाकी मी आहे ना!"

आता क्लब कसला, ते सांगते. प्राची चौदा वर्षांची आहे, नववीत. दोन वर्षांपूर्वी आम्ही महू सोडून इंदूरला आलो आणि या पोरीचं बोलणंच बंद झालं. नवी शाळा, नवी मुलं. घरी काही विचारलं तर तीनच उत्तरं: "हो", "नाही" आणि "माहीत नाही". मग कुठून तरी तिला ॲनिमेचा नाद लागला. ॲनिमे म्हणजे जपानी कार्टून. (हे वाक्य तिच्यासमोर म्हणायचं नाही. एकदा म्हटलं होतं, तर आठवडाभर "हो" आणि "नाही" पण बंद!) त्या नादानं तिला शाळेत एक मैत्रीण मिळाली, मग चार, मग आठ. दर रविवारी आमच्या दोन खोल्यांत क्लब भरायला लागला. चित्रं काढायची, पुठ्ठ्याच्या तलवारी करायच्या, आवडत्या पात्राचे कपडे घालायचे आणि तासन्‌तास वाद घालायचा. आमची मुकी पोर मधोमध बसून हातवारे करत बोलत असायची! मी किचनमधून ऐकत राहायची आणि कांदा चिरत नसतानाही डोळे पुसायची.

आठाची सत्तावीस झाली तेव्हा मात्र घर कमी पडलं. एका रविवारी सत्तावीस जणांनी मिळून जपानी भाषेत अशी काही युद्धाची आरोळी ठोकली की खालचे घरमालक दंडुका घेऊन वर आले. त्यांना वाटलं, मारामारी झाली! आमचे हे, रत्नपाल, तेव्हा जागा नाही म्हणून बाथरूमच्या दारात स्टूल टाकून पेपर वाचत होते. घरमालकांनी हात जोडले. "भाभीजी, या तो ये फौज रहेगी या मैं."

म्हणजे हॉल हवा होता, नाहीतर क्लब बंद. आता काय करायचं, असं मी प्राचीला विचारलं. "माहीत नाही" म्हणाली. दोन महिन्यांनी पहिल्यांदाच!

मल्हारगंजच्या एका गल्लीत आपल्या मराठी मंडळाचा हॉल आहे. त्याचे अध्यक्ष नाना, वय शहात्तर, गणिताचे रिटायर मास्तर. त्यांचा नियम एकच: हॉल फक्त समाजोपयोगी कामाला मिळेल. झुंबाला त्यांनी नाही म्हटलं, वाढदिवसाला नाही म्हटलं, स्वतःच्या मेव्हण्याच्या साठीलाही नाही म्हटलं! माझा अर्ज वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे ॲनि... काय ते, मला काही कळलं नाही कीर्तीजी. पण एक रविवार घ्या. मी स्वतः कार्यकारिणी घेऊन येतो, बघतो, मग कायमचं ठरवू."

एक रविवार! मला एवढंच पुरे होतं. मी वहीत नकाशाच काढला. चित्रं काढायचे टेबल इकडे, वेशभूषा स्पर्धा तिकडे, नूडल्स मागे. बाहेर एक फ्लेक्स लावायचा म्हणजे मोहल्ल्यातली नवीन मुलंही येतील.

फ्लेक्सवाला निशांत त्याच गल्लीत असतो. त्याला मी गुरुवारी फोन केला. आता चूक कुठे झाली म्हणाल, तर तो फोन मी पलासियाच्या चौकात, स्कूटरवर, हेल्मेटच्या आतून केला. मागे सिटी बस भोंगा वाजवत होती.

"निशांत भिया, लिखो. बच्चों और युवाओं के लिए, ॲनिमे क्लब!"

"क्या क्लब, दीदी?"

"ॲनिमे! ॲ-नि-मे!"

"हाँ हाँ, समझ गया. क्लब लिखूँ कि शिविर? शिविर में पब्लिक ज़्यादा आती है."

"जो आपको ठीक लगे भिया. और नीचे लिखना, अपने पसंदीदा पात्र के रूप में आइए. सर्वश्रेष्ठ पात्र को इनाम!"

"पात्र... इनाम... हो गया. फोटो कौन-सा डालूँ?"

"कुछ भी लाल-लाल, एकदम भडक. और बड़ी-सी आँख! आँख ज़रूर डालना!"

ॲनिमेतल्या सगळ्यांचे डोळे कसे बशीएवढे असतात, म्हणून हो! शुक्रवारी त्यानं डिझाइन व्हॉट्सॲपवर पाठवलंही. पण समोर एक पालक रडत होते, मुलाला टेस्टमध्ये चारशेपैकी अकरा मार्क पडले होते. मी फोटो न उघडताच अंगठा पाठवून दिला. फार झकास आयोजन करणाऱ्या माणसाला अशा बारीकसारीक गोष्टींत वेळ घालवता येत नाही!

शनिवारी दुपारी फ्लेक्स लागला आणि तासाभरात नानांचा फोन आला. आवाजात काय तो गोडवा!

"कीर्तीजी, फ्लेक्स बघितला तुमचा! अहो, आधी का नाही बोललात? मला वाटलं काहीतरी नाचगाणं असेल!"

"छे हो नाना! एकदम सीरियस काम आहे."

"मुलांमध्ये एवढं प्रमाण आहे याचं?"

"प्रमाण? नाना, प्राचीच्या वर्गात निम्म्या पोरांना आहे! मुलींचं तर विचारूच नका."

"अरेरे! आणि घरच्यांना पत्ता नसतो?"

"कसला पत्ता! मुलं गप्प-गप्प राहतात, तासन्‌तास एका जागी पडून असतात, जेवणात लक्ष नाही, डोळ्यांखाली काळं. आईबापांना वाटतं, अभ्यासानं थकलीत!"

"अगदी हीच लक्षणं!"

लक्षणं? शब्द जरा जड वाटला. पण म्हटलं, जुने मास्तर आहेत, बोलतात तसं.

"तुमच्या घरी कोणाला आहे?"

"प्राचीला. दोन वर्षं झाली. आणि खोटं कशाला बोलू, आता यांनाही थोडं-थोडं सुरू झालंय."

"अरे देवा! मग तुम्ही उपाय काय करता?"

"उपाय कशाला? मी म्हणते, वाढू द्यावं! दाबायला गेलं की पोरं बिथरतात."

मग नाना हळूच म्हणाले, "फार धीराच्या आहात हो तुम्ही. उद्या मी नुसती कार्यकारिणी आणत नाही. डॉक्टर शोभनांनाही घेऊन येतो, त्यांची टीम असते."

टीम! मला वाटलं, प्रमुख पाहुण्या आणि त्यांची मंडळी. "आणा ना नाना! जेवढे जास्त तेवढं चांगलं!"

फोन ठेवून मी रत्नपालना म्हटलं, "बघितलंत? नानांसारखा माणूस पाच मिनिटांत फिरवला! याला म्हणतात कम्युनिकेशन!"

ते "हओ" म्हणाले आणि प्राचीनं दिलेलं जपानी कॉमिक, तिथल्या रीतीप्रमाणे, उलट्या बाजूनं वाचायला लागले.

रविवारी सकाळी पोहे-जलेबी खाऊन साडेनऊला आम्ही मल्हारगंजला पोचलो. प्राचीनं तीन आठवडे खपून जुन्या पडद्याचा हिरवा झगा शिवला होता, त्यावर चांदीच्या कागदाचं चिलखत. गल्लीच्या तोंडाशीच मी ब्रेक दाबला. हॉलच्या दारापासून शेवेच्या दुकानापर्यंत लाइन लागली होती! सगळ्या बायका! काकू, मावश्या, आज्या! आणि प्रत्येकीच्या हातात भांडं. कोणाकडे स्टीलचा डबा, कोणाकडे पितळी पातेलं, एकीकडे तर चक्क घागर.

"मम्मी, ह्या कोण?" प्राचीनं विचारलं.

"मुलांच्या आया असतील! बघ, घरचे किती सपोर्ट करतात!"

लाइनमध्ये सर्वांत पुढे आमच्याच कॉलनीतल्या सुलोचनाकाकू होत्या. हातात काळी कुळकुळीत लोखंडी कढई, जिच्यात एक पोरगं आरामात आंघोळ करेल.

"ए कीर्ती," त्या ओरडल्या, "उपाशीपोटी यायचं होतं का गं? मी तर पोहे हाणून आले!"

"चालेल की काकू! आम्ही नूडल्सपण देणार आहोत."

"नूडल्स? त्यानं वाढतं?"

"काय वाढतं?"

"अगं, रक्त!"

मी हसले. काकूंचे जोक मला नेहमीच उशिरा कळतात. हसता हसता माझी नजर दाराकडे गेली आणि ते हसू तोंडातच वाळलं.

फ्लेक्सवर लाल रंगाचा हा एवढा मोठा रक्ताचा थेंब. शेजारी एक डोळा, बशीएवढा, खरंच ज़रूर डाललेला! फक्त त्याची खालची पापणी डॉक्टरचा अंगठा ओढून बघत होता. आणि वर ठळक अक्षरांत: "विशाल निःशुल्क एनीमिया शिविर! बच्चों और युवाओं के लिए विशेष. अपने पसंदीदा पात्र के साथ आइए. सर्वश्रेष्ठ पात्र को इनाम!"

मी समोरच्या दुकानात धावत गेले. निशांत चहा पीत होता.

"भिया! ये एनीमिया किसने लिखा?"

"मैंने, दीदी." तो अभिमानानं उठून उभा राहिला. "आप जल्दी-जल्दी में ॲनिमे बोल गई थीं. मैंने स्पेलिंग सुधार दी! और वो 'पात्र के रूप में' का तो कोई मतलब ही नहीं बन रहा था. आदमी बर्तन के रूप में कैसे आएगा?"

मी तिथंच व्हॉट्सॲप उघडलं, तर डिझाइनमध्येही एनीमियाच. आणि अंगठा तर मीच पाठवला होता.

परत आले तेव्हा गल्लीत गोंधळ चालला होता. क्लबची पोरं यायला सुरुवात झाली होती! कोणाचे केस गुलाबी, कोणाच्या पाठीवर पुठ्ठ्याचे पंख. आणि सगळ्यांत पुढे उन्मेष. हा प्राचीचा मित्र, क्लबचा सर्वांत कट्टर मेंबर. तो कोणा सातशे वर्षं बर्फात गाडलेल्या राजपुत्राच्या वेशात आला होता. तोंडाला पांढराफटक रंग, ओठ निळे, तोंडाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ. आणि हा राजपुत्र म्हणे बोलत नाही. म्हणून उन्मेषनंही ठरवलं होतं की निकाल लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"अगं बाई!" सुलोचनाकाकूंनी कढई खाली आपटली. "हे पोर तर संपलंच!"

"थेंब नाही हो अंगात, थेंब नाही!"

"ओठ बघा, निळे पडलेत!"

"बाळा, नाव काय तुझं? आई कुठे आहे?"

राजपुत्रानं दूर क्षितिजाकडे बघितलं.

"वाचा गेली! वाचा गेली याची!"

चौघींनी त्याला उचललं, आत नेलं आणि नूडल्सच्या टेबलावर आडवं केलं. एकीनं तोंडात साखर-पाणी ओतलं, दुसरीनं तळपाय चोळायला घेतले. मी ओरडत होते, "अहो, मेकअप आहे तो!" पण तीस बायका एखाद्याचा जीव वाचवत असल्या की त्यांना कोणाचं ऐकू येत नाही. उन्मेषला गुदगुल्या होत होत्या. त्याचं अंग थरथरत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण पठ्ठ्यानं ब्र काढला नाही!

"झटके येतायत!" काकूंनी जाहीर केलं.

नेमके तेव्हाच नाना कार्यकारिणी घेऊन आत आले. मागून पांढऱ्या कोटात डॉक्टर शोभना, दोन नर्सेस आणि सुयांचे डबे. डॉक्टर सरळ टेबलाकडे धावल्या. त्यांनी उन्मेषची पापणी ओढली, नाडी बघितली, गालावर कापूस फिरवला, मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या.

"तीस वर्षं प्रॅक्टिस करतेय," त्या म्हणाल्या, "पण पेशंटचा रंग माझ्या हाताला लागलाय, हे पहिल्यांदाच!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. हेल्मेट, बसचा भोंगा, अंगठा, सगळं! नानांचा चेहरा हळूहळू फळ्यासारखा कोरा झाला.

"म्हणजे... तुमच्या प्राचीला दोन वर्षं झालंय, ते..."

"जपानी कार्टून, नाना."

"आणि यजमानांना थोडं-थोडं..."

"तेच."

कार्यकारिणीतले एक जण खाकरले. मी प्राचीकडे बघितलं. चिलखत घालून ती भिंतीला टेकून उभी होती.

"मम्मी," ती एवढंच म्हणाली, "तू म्हणाली होतीस, मी आहे ना."

आणि स्टेजच्या कडेला, खुर्च्यांच्या मागे जाऊन बसली. सांगते तुम्हाला, बाराशे पालक एकदम अंगावर आले तरी मला एवढं लागलं नसतं. मला सरळ दिसत होतं: हॉल गेला, क्लब गेला आणि परत आपलं "माहीत नाही" सुरू.

डॉक्टर शोभना मात्र हुशार बाई. त्यांनी बाह्या वर केल्या. "नाना, तीस बायका आल्यात, सुया आणल्यात, मी आलेय. शिबिर करूनच टाकू. चला, पहिलं कोण?"

कोणीच नाही! लाइनमध्ये पुढे घुसणाऱ्या सगळ्या आता एकमेकींना पुढे ढकलत होत्या. ऐंशीच्या आनंदीआजी तर सुई बघूनच दाराकडे निघाल्या. जाता जाता स्टेजजवळच्या खुर्चीत मटकन बसल्या आणि थरथरायला लागल्या. त्या खुर्चीमागेच प्राची बसली होती.

पुढचं मी दुरून बघितलं. प्राचीनं मान वर केली. थोडा वेळ आजींकडे बघत राहिली. मग तिनं झोळीतून कागद काढला.

"आजी, जरा इकडे बघता? तुमचं चित्र काढते."

"माझं गं कसलं चित्र?"

"हलू नका ना. नाक छान आहे तुमचं."

पाच मिनिटांत चित्र तयार! बशीएवढे चमकदार डोळे, वाऱ्यावर उडणारे पांढरे केस, नऊवारीचा पदर पंखासारखा पसरलेला आणि काठीच्या जागी हातात विजेचा भाला. आनंदीआजींनी कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला.

"ही मी?"

"हो. तुम्ही सेनापती आहात."

"मग सेनापती सुईला भिते होय?" असं म्हणून आजी उठल्या, काठी टेकत डॉक्टरांपुढे गेल्या आणि बोट पुढे केलं!

मग काय विचारता! "आमचंपण काढ, आमचंपण काढ!" म्हणत सगळा घोळका मुलांकडे धावला. प्राची स्टेजवर चढली आणि टाळ्या वाजवून म्हणाली, "लाइन लावा! आधी बोट द्यायचं, मग चित्र मिळणार! शमिका, तू डावीकडचं टेबल घे. पंखवाले, तुम्ही खुर्च्या लावा. काकू, कढई बाजूला ठेवा, पाय अडकेल कोणाचा तरी!" माझी पोर! माईक नसताना शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज जात होता. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. मला कोणी काही विचारतच नव्हतं!

तासाभरात हॉलचा रंगच बदलला. सुलोचनाकाकूंचं चित्र तर बघण्यासारखं होतं: कढईची ढाल करून ड्रॅगनशी लढणाऱ्या! गुलाबी केसांच्या पोरीला तीन मावश्या वेणी घालून देत होत्या. नाना लांबून बघत होते. मग हळूहळू सरकत आले आणि प्राचीसमोर बसले. त्यांच्या गुळगुळीत डोक्यावर प्राचीनं कमरेपर्यंत उडणारे काळेभोर केस काढले. नानांनी चित्र हातात घेतलं आणि चष्मा पुसला.

"अठ्ठ्याहत्तर साली," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अगदी असे नव्हते, पण होते."

एवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "पालकांना फोनवर विचारून मुलांचंही तपासून घेऊ." झालं! विजेचे भाले आणि तलवारी घेऊन उभे असलेले वीर एका क्षणात खुर्च्यांखाली!

"आंटी आधी करतील, मग आम्ही!" कोणीतरी ओरडलं. सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. "कीर्ती आंटी! कीर्ती आंटी!"

मी ऐटीत पुढे झाले. सकाळपासून पहिल्यांदाच माझी कोणाला तरी गरज पडली होती! बोट दिलं, हसून मुलांकडे बघितलं. "बघा, काही नसतं!"

डॉक्टरांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे, परत मशीनकडे. दुसऱ्या बोटातून रक्त घेतलं. मग माझी पापणी ओढून बघितली, अगदी त्या फ्लेक्ससारखी!

"हिमोग्लोबिन आठ पॉइंट चार," त्या म्हणाल्या. "कीर्तीजी, तुम्ही चालताय कशा? चक्कर येत नाही?"

"येते, पण मला वाटलं, पालकांमुळे येते!"

माझ्यामागून उरलेल्या सगळ्यांनी बोटं दिली. तीस बायका, सत्तावीस पोरं, अख्खी कार्यकारिणी! एवढ्या सगळ्यांत खरा, पक्का, ताबडतोब गोळ्या सुरू करण्यासारखा पेशंट एकच निघाला. बायकांना तर हवंच होतं! उन्मेषच्या वेळी राहून गेलेला सगळा उत्साह त्यांनी माझ्यावर काढला. मला त्याच टेबलावर आडवं केलं, तेच साखर-पाणी पाजलं आणि तळपाय चोळले. उन्मेष शेजारी उभा राहून बघत होता. त्याच्या डोळ्यांत मला सहानुभूती दिसली.

स्पर्धेचा निकाल मी टेबलावर पडल्या पडल्याच ऐकला. परीक्षक नाना. त्यांनी पोरांचे वेश बघितले, बायकांची भांडी बघितली आणि डॉक्टरांशी कुजबुजले.

"फ्लेक्सवर 'सर्वश्रेष्ठ पात्र' असं छापलं आहे," ते मास्तरी आवाजात म्हणाले, "आणि छापलेलं मंडळ पाळतं. लोखंडी भांड्यात शिजवलेलं अन्न ॲनिमियावर चांगलं, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून पहिलं बक्षीस सुलोचनाबाईंच्या कढईला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि त्या कडकडाटात चार तासांनी राजपुत्राचे ओठ हलले.

"कढई?" उन्मेष किंचाळला. "कढई जिंकली?"

"बोलला! पोर बोललं!" बायकांनी परत त्याला धरलं आणि आनंदानं त्याची दृष्ट काढली.

निघताना नानांनी प्राचीला जवळ बोलावलं. माझ्याशी नाही, तिच्याशी बोलले. "दर रविवारी दहा ते एक हॉल तुमचा. फक्त जाताना पंखे बंद करायचे." प्राचीनं वाकून नमस्कार केला. चिलखताची दोन पानं गळून पडली. घरी जाताना स्कूटरवर ती इतकी बोलली, इतकी बोलली, की पलासियापर्यंत मला एकदाही हॉर्न ऐकू आला नाही.

आता क्लब अगदी मजेत चाललाय. सुलोचनाकाकू मुलांबरोबर बसून चित्रं काढतात, आनंदीआजींना सगळी पोरं "सेनापती" म्हणतात. प्राची सगळं बघते, मला काही करू देत नाही. मी एका कोपऱ्यात बसून गूळ-दाणे खाते. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे.

गेल्या रविवारी नानांनी मंडळाचं रजिस्टर सहीला दिलं. मी आधी पूर्ण वाचलं! आता मी प्रत्येक गोष्ट वाचते. ठरावात लिहिलं होतं, "दर रविवारी ॲनिमिया क्लब भरेल."

"नाना, ॲनिमे! ॲनिमे क्लब!"

"ठराव झाला आहे, कीर्तीजी. आता बदल वार्षिक सभेतच. तोवर मी रकाने पाडून घेतलेत, बघा."

मी बघितलं. एका रकान्यात "सभासद", त्याखाली सत्तावीस नावं, प्राचीच्या सुंदर अक्षरात. शेजारच्या रकान्यात "रुग्ण". त्याखाली एकच नाव होतं.

मी गुपचूप सही केली.